बांधकामाच्या साइटवर पहिली पाच वर्षे: नव्याने येणाऱ्या मुलींसाठी पायरी-पायरीने मार्गदर्शन

बांधकामाच्या साइटवर बाई कधीच नवीन नव्हती. पायाच्या खड्ड्यातून माती उपसणारी, स्लॅबच्या दिवशी घमेल्यांच्या रांगेत उभी राहणारी, जेवणाच्या सुट्टीत लेकराला पाजून पुन्हा कामाला लागणारी बाई आपल्याकडच्या कितीतरी इमारतींच्या बांधणीत आहे. हातात ड्रॉइंग घेऊन तेच काम तपासणारी आणि चुकले असेल तर थांबवणारी बाई मात्र आजही इतकी क्वचित दिसते, की पहिल्या दिवशी गेटवरचा वॉचमन तिला ‘फ्लॅट बघायला आलात का?’ असे विचारतो. वीस वर्षांपूर्वी मला हेच विचारले गेले होते, आणि गेल्या वर्षी माझ्या हाताखाली रुजू झालेल्या मुलीलाही हेच विचारले गेले.

मुंबईच्या व्हीजेटीआयमधून शकुंतला भगत यांनी १९५३ साली स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि पुढे पूलबांधणीत स्वतःची पद्धत उभी केली. तेव्हापासून वर्गातल्या मुली वाढत गेल्या, पण साइटवर त्या प्रमाणात आल्या नाहीत, आणि ज्या आल्या त्यांपैकी बऱ्याच जणी दोन-तीन वर्षांत ऑफिसच्या खुर्चीत बसल्या. त्यामागे हुशारीचा प्रश्न नव्हता. साइटवर काय विचारायचे, काय मागायचे आणि कुठे ठाम राहायचे हे त्यांना कोणी वेळेवर सांगितले नव्हते. या लेखात मी ते सांगणार आहे. माझे मुख्य सांगणे आत्ताच मांडते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याला धरून आहेत: पहिली दोन वर्षे प्रत्यक्ष कामावर, म्हणजे एक्झिक्युशनवर, राहा. बिलिंग, प्लॅनिंग, क्वालिटी हे सारे नंतर शिकता येते, पण पायापासून स्लॅबपर्यंतचे काम स्वतःच्या हाताने मोजलेले नसेल, तर पुढे साइट इन्चार्ज किंवा प्रोजेक्ट मॅनेजर होण्याच्या वेळी तेच आडवे येते.

पहिली पायरी: शिक्षण आणि त्यात राहून जाणारे

दहावीनंतर तीन वर्षांची स्थापत्य पदविका किंवा बारावीनंतर चार वर्षांची पदवी हे दोन सरळ रस्ते आहेत. पदविका झाल्यावर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, त्यामुळे घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी पदविका करून नोकरी धरण्यात काहीही कमीपणा नाही. मी पाहिलेल्या उत्तम साइट इन्चार्जपैकी निम्मे तरी पदविकाधारक आहेत. आयटीआयमधून सर्व्हेअर किंवा ड्राफ्ट्समन झालेल्या मुलीही लाइनआऊट (जागेवरची आखणी) आणि लेव्हलच्या कामातून वर आलेल्या मी पाहिल्या आहेत. बांधकाम व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, मग ती पुण्याच्या निकमारमधली असो किंवा आणखी कुठली, दोन-तीन वर्षे साइटवर काढल्यानंतर केली तर तिचा उपयोग दुप्पट होतो, कारण वर्गात शिकवलेल्या प्रत्येक गोष्टीला डोळ्यांसमोर एक प्रसंग असतो.

कॉलेजात राहून जाते ते ड्रॉइंगचे वाचन. स्ट्रक्चरल ड्रॉइंग, आर्किटेक्टचे ड्रॉइंग आणि प्लंबिंगचे ड्रॉइंग एकमेकांशेजारी ठेवून त्यांतली विसंगती शोधण्याची सवय शेवटच्या वर्षातच लावून घ्या. इंटर्नशिप निवडताना फिनिशिंग चाललेल्या चकचकीत टॉवरऐवजी आरसीसी चालू असलेली साधी साइट निवडा. टाइल्सचे काम पुढेही पाहायला मिळेल, पण पायाचे खोदकाम आणि पहिल्या स्लॅबची बांधणी एकाच वर्षात पाहण्याची संधी सहसा पुन्हा येत नाही.

दुसरी पायरी: पहिली नोकरी स्वीकारण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

मुलाखतीत आपल्याला प्रश्न विचारले जातात, तसे आपणही विचारायचे असतात, आणि मुलीने तर विचारायलाच हवेत. माझे काम नेमके कोणते असेल, एक्झिक्युशन की कागदपत्रे? साइट सध्या कोणत्या टप्प्यावर आहे? मी कोणाला रिपोर्ट करायचे? स्लॅबच्या दिवशी उशीर झाला तर घरी सोडण्याची व्यवस्था कंपनी करते का? साइटवर महिलांसाठी वेगळे, पाणी असलेले आणि आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आहे का? शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही तो विचारा, आणि शक्य असेल तर होकार देण्यापूर्वी एकदा साइटवर जाऊन स्वतः पाहून या. उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ती कंपनी मुलींना किती काळ टिकवू पाहते याचा अंदाज येतो.

माझ्या पहिल्या नोकरीत मी यांतला एकही प्रश्न विचारला नाही. तिसऱ्या महिन्यात ‘तुमच्या सोयीसाठी’ असे सांगून मला ऑफिसात ड्रॉइंगच्या नोंदी ठेवायला बसवण्यात आले, आणि माझ्याबरोबर लागलेला मुलगा त्याच काळात चार स्लॅब ओतून मोकळा झाला. माझे आठ महिने गेले. त्यांनी वाईट हेतूने ते केले असे मी आजही म्हणणार नाही, पण सोय कोणाची होती हे विचारायला हवे होते. तुमच्यावर ती वेळ आली, तर शांतपणे, लेखी, ईमेलवर कळवा की तुमची नेमणूक साइटच्या कामासाठी झाली आहे आणि तुम्हाला तेच काम हवे आहे. साइटवर जागा नसल्याचे उत्तर आले, तर किती महिन्यांनी परत पाठवणार याची तारीख मागून घ्या.

ठेकेदार कंपनी, बिल्डर आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट सल्लागार यांत निवड असेल, तर सुरुवात ठेकेदार कंपनीत करावी असे माझे मत आहे. काम कष्टाचे असते, पण मनुष्यबळ, सामान, दर आणि चुका या चारही गोष्टी तिथे उघड्यावर दिसतात. सार्वजनिक बांधकाम किंवा जलसंपदा विभागात कनिष्ठ अभियंता होण्याचा मार्ग स्पर्धा परीक्षेतून जातो. राज्य शासनाच्या पदांमध्ये महिलांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण आहे, त्यामुळे त्या परीक्षांची तयारी नोकरी करतानाही चालू ठेवायला हरकत नाही.

तिसरी पायरी: पहिल्या दिवसाची पिशवी

सेफ्टी शूज आपल्या मापाचे असू द्या. कंपनीच्या स्टोअरमध्ये बहुधा आठ नंबरच्या पुढचेच बूट असतात, आणि सैल बूट घालून परांचीवर चढणे अनवाणी चढण्याइतकेच धोक्याचे आहे. म्हणून रुजू होण्यापूर्वीच माप कळवा किंवा स्वतः विकत घेऊन पैसे मागा. हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा लावायचाच असतो. ओढणी, लोंबते कानातले आणि मोकळी वेणी हॉइस्ट व मिक्सरजवळ जीवघेणी ठरू शकते. पिशवीत पाच मीटरचा टेप, ओळंबा, खडू, मार्कर, खिशात मावणारी वही, छोटी बॅटरी आणि पाण्याची बाटली असावी.

बाटलीबद्दल थोडे सविस्तर लिहिते. स्वच्छतागृह नाही किंवा दूर आहे म्हणून दिवसभर पाणीच न पिण्याची सवय साइटवरच्या मुलींना लागते. एप्रिल-मे महिन्यांत त्यातून चक्कर येते, आणि लघवीच्या मार्गाचा संसर्ग तर वर्षभर पाठ सोडत नाही. मी स्वतः तो त्रास दोनदा भोगला आहे. तेव्हा सोय नसेल तर सोय मागायची, पाणी कमी करायचे नाही. पाळीच्या दिवसांसाठी साइट ऑफिसातल्या एका कपाटात वेगळा डबा ठेवा आणि कचऱ्यासाठी झाकणाची बादली मागून घ्या. सामानाच्या मागणीपत्रात ती सिमेंटच्या खाली एका ओळीत लिहून टाकली की काम होते, त्यासाठी कोणाशी चर्चा करावी लागत नाही.

चौथी पायरी: पहिला महिना

रोज इतरांच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि तळमजल्यापासून वरपर्यंत एक फेरी मारा. काल संध्याकाळी कुठे काम थांबले, कोणते टेकू हलले, कुठे पाणी मारलेले नाही, हे त्या वेळी कोणाच्या मध्यस्थीशिवाय दिसते. पुण्या-मुंबईच्या साइटवर मराठवाडा-विदर्भातल्या माणसांइतकीच बिहार, बंगाल आणि उत्तर प्रदेशातली माणसे असतात, त्यामुळे साइटची भाषा हिंदी-मराठी मिसळलेली असते. ती महिनाभरात येते, पण प्रत्येक गँगच्या मुकादमाचे नाव आणि गाव पहिल्या आठवड्यातच पाठ करा.

वयाने मोठ्या मिस्त्रीला ‘मिस्त्री’ किंवा ‘काका’ म्हणा आणि त्यांच्याकडून मोकळेपणाने शिका. सळई वाकवताना किती लांबी खाल्ली जाते, प्लेटला तेल किती लावायचे, ओल्या वाळूने गिलाव्याचे प्रमाण कसे फसते, हे त्यांच्याइतके कोणतेही पुस्तक सांगत नाही. ते तुम्हाला ‘मॅडम’ म्हणतील, काही जण ‘ताई’ म्हणतील, दोन्ही चालते. ‘बेटा’ मात्र कामाच्या सूचना देण्याच्या वेळी अडचणीचे होते, तेव्हा ते पहिल्या आठवड्यातच हसून थांबवावे.

पाचवी पायरी: स्लॅब तपासणे

या पायरीवर मी अधिक वेळ थांबणार आहे, कारण साइटवरचा अधिकार इथे मिळतो. तुमच्याकडे स्लॅबची तपासणी सोपवली गेली, की ड्रॉइंगची ताजी आवृत्ती हातात घ्या. आवृत्ती क्रमांक पाहिल्याशिवाय एकही माप घेऊ नका, कारण जुन्या ड्रॉइंगवर बांधलेला स्लॅब कितीही नीट बांधला तरी चुकीचाच असतो.

तपासणी खालून सुरू करा. सेंट्रिंगचे, म्हणजे काँक्रीट धरणाऱ्या तात्पुरत्या साच्याचे, टेकू ओळंब्यात आहेत का, त्यांच्याखाली विटांचे तुकडे रचून उंची वाढवली आहे का, दोन टेकूंमधले अंतर सारखे आहे का, हे खाली वाकून पाहावे लागते. मग वर या. सळयांचे अंतर एकेक मोजत बसू नका. ड्रॉइंगमध्ये १५० मिलिमीटर असेल, तर टेप लावून सलग दहा गाळे मोजा, ते १५०० मिलिमीटर भरले पाहिजेत. अशी तीन-चार ठिकाणे, त्यांतले एक अडचणीच्या कोपऱ्यातले, मोजली की फिटरने कुठे सळई वाचवली आहे ते कळते. कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई आणि साचा यांत अंतर राखणारे ठोकळे, साध्या वातावरणातल्या स्लॅबला किमान २० मिलिमीटरचे, कॉलमला ४० आणि फुटिंगला, म्हणजे कॉलमच्या पायाला, ५० मिलिमीटरचे लागतात. समुद्राजवळ हे आकडे वाढतात आणि ते ड्रॉइंगवर लिहिलेले असतात. वरची जाळी चेअरवर, म्हणजे सळईच्या घोड्यांवर, उभी आहे की नुसती बांधून ठेवली आहे, हे पाहण्यासाठी तिच्यावर पाय देऊन पाहा. ती दबली, तर काँक्रीट ओतणाऱ्या माणसांच्या वजनाने नक्की दबणार.

सर्वांत जास्त वेळा राहून जाणारी गोष्ट म्हणजे बीम आणि कॉलम जिथे भेटतात त्या सांध्यातल्या, कॉलमच्या सळयांना वेढणाऱ्या रिंगा. तिथे सळयांची गर्दी असते, हात जात नाही, म्हणून फिटर त्या सोडून देतो, आणि भूकंपात सगळा ताण तिथेच येतो. बॅटरी मारून रिंगा मोजा. रिंगेचे टोक १३५ अंशांत आत वळलेले हवे, काटकोनात नको. इलेक्ट्रिशियनने पाइप टाकताना एखादी सळई कापली आहे का, संडास-बाथरूमचा भाग खाली धरला आहे का, हे त्याच फेरीत पाहून घ्या. मगच पोअर कार्डवर, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या परवानगीच्या कागदावर, सही करा. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन यांच्या सह्याही त्याच कार्डावर घ्या.

ओतण्याच्या आदल्या रात्री हिशेब करून ठेवा: दीडशे चौरस मीटरचा १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे १८.७५ घनमीटर, त्यात बीमचे माप वेगळे मिळवायचे. काँक्रीटच्या प्रत्येक गाडीच्या चलानवर ग्रेड, प्लांटवर भरल्याची वेळ आणि प्रमाण पाहा. भरल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. वाहतुकीत अडकलेली गाडी आली की ड्रायव्हर ड्रममध्ये पाणी सोडायला बघतो, आणि ‘मॅडम, थोडंसंच’ असे म्हणतो. पाण्याने काँक्रीट सैल होते आणि ताकद जाते. त्या एका पाइपवर लक्ष ठेवणे हे त्या दिवशीचे तुमचे सर्वांत मोठे काम आहे. काँक्रीट किती सैल आहे हे पाहण्याच्या स्लम्प चाचणीचा शंकू ३०० मिलिमीटर उंचीचा असतो. तो तीन थरांत भरायचा आणि प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके द्यायचे. हे हेल्परवर सोपवू नका, निदान पहिले सहा महिने स्वतः करा. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने, ३१ ते ५० घनमीटरला चार आणि त्यापुढे प्रत्येक ५० घनमीटरला आणखी एक नमुना घ्यायचा असतो. प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब (ताकद तपासण्याचे ठोकळे) २८ दिवसांसाठी राखायचे आणि ७ दिवसांच्या चाचणीचे वेगळे भरायचे. क्यूबवर तारीख, ग्रेड आणि जागा स्वतः लिहा.

दुसऱ्या दिवशी वाफे बांधून पाणी भरले की नाही ते पाहायला विसरू नका. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि फ्लाय अॅश मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी हवे. कोरड्या उन्हाळ्यात हेच अनुक्रमे १० आणि १४ दिवस धरा. साध्या सिमेंटच्या स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला, म्हणजे दोन आधारांमधल्या अंतराला, ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायचे असतात. सहा मीटरपेक्षा लांब बीमला २१ दिवस लागतात. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा पुढच्या मजल्यावर लवकर न्यायच्या असतात, म्हणून ओतल्याची आणि टेकू काढण्याची तारीख बीमवरच खडूने लिहून ठेवा. तारीख बीमवर असली की वाद होत नाही.

सहावी पायरी: काम थांबवणे

दुसऱ्या वर्षी एका साइटवर सकाळी साडेसात वाजता मी एका कॉलमचा साचा तपासत होते. काँक्रीटची गाडी निघाली असल्याचा फोन आला होता. मुकादम म्हणाला, “मॅडम, चालतंय, काल सगळं बघितलंय.” मी वरून ओळंबा सोडला. वर दोरी साच्यापासून ७५ मिलिमीटरवर धरली होती, खाली टेप लावला तर ११० भरले. कॉलम ३५ मिलिमीटर कलला होता. मी काहीच बोलले नाही. टेप मुकादमाच्या हातात दिला आणि त्यालाच खाली बसून मोजायला सांगितले. त्याने दोनदा मोजले, उठला, आणि माझ्याकडे न पाहता त्याच्या माणसांना हाक मारली: “ए, जॅक आण रे!” पंचवीस मिनिटांत कॉलम ओळंब्यात आला आणि गाडीही वेळेत रिकामी झाली. त्या दिवसानंतर त्या मुकादमाने मला ‘चालतंय’ कधी म्हटले नाही, आणि कॉलम भरण्यापूर्वी तो स्वतःहून मला बोलवायला येऊ लागला.

यातून सांगायचे ते असे, की माप घ्या आणि समोरच्यालाच मोजायला लावा. आवाज चढवण्याची गरज मुलांना कमी पडते आणि मुलींना जास्त पडते असे अनेक जण सांगतील, परंतु माझा अनुभव तसा नाही. चढलेल्या आवाजाला चढलेला आवाज उत्तर देतो, मोजलेल्या आकड्याला तसे उत्तर देता येत नाही. तरीही ठेकेदार ऐकत नसेल, तर सही करू नका, साइट इन्चार्जला फोन करा आणि लगेच फोटोसह दोन ओळींचा संदेश पाठवा. वरिष्ठाने ‘ओता’ असे सांगितले, तर तो निर्णय त्यांच्याकडून लेखी मागा. बहुतेक वेळा लिहिण्याची वेळ आली की दुरुस्तीच सोपी वाटते. मात्र तुमचीच चूक निघाली, तर ती त्याच मुकादमासमोर त्याच क्षणी मान्य करा.

सातवी पायरी: वही, चलान आणि बिल

रोज संध्याकाळी दैनिक अहवाल लिहा: किती माणसे, कोणते काम, किती परिमाण, काय अडले. व्हॉट्सअॅपवरचे फोटो सहा महिन्यांनी सापडत नाहीत, वही सापडते. काम आणि पैसा यांचा संबंध इथून लागायला सुरुवात होते, आणि व्यवस्थापनही इथूनच सुरू होते. सळईचे मीटरमागे किलोतले वजन काढण्यासाठी मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग १६२ ने भागायचा. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.६७ किलो भरते. आलेले स्टील, ड्रॉइंगप्रमाणे लागलेले स्टील आणि उरलेले तुकडे यांचा मेळ दर महिन्याला घाला. ठेकेदाराच्या रनिंग बिलातली, म्हणजे काम चालू असताना येणाऱ्या बिलातली, मापे जागेवर जाऊन टेपने पुन्हा घ्या, आणि जे भिंतीआड गेले आहे त्याचे माप झाकण्यापूर्वीच नोंदवून ठेवा.

न आलेल्या गाडीच्या चलानवर सही करण्याचा आग्रह कधीतरी होईल, बहुधा गोड बोलून आणि घाईच्या वेळी. ती सही करू नका. पहिल्या नकाराची बातमी साइटभर होते, आणि नंतर सहसा कोणी विचारत नाही.

आठवी पायरी: आपले कायदेशीर हक्क

कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा साइटलाही लागू आहे, आणि कंपनीने पुरवलेल्या गाडीलाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असावीच लागते आणि तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला असते. प्रशिक्षणार्थी, कंत्राटी आणि रोजंदारीवरची बाईही तक्रार करू शकते. घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, आणि चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हायला हवी. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात समितीच्या सदस्यांची नावे विचारून वहीत लिहून ठेवा, कारण गरज पडते त्या दिवशी विचारण्याची मनःस्थिती नसते.

सकाळी ६ पूर्वी किंवा संध्याकाळी ७ नंतर काम असेल, तर २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार स्त्रीची संमती आणि तिच्या सुरक्षिततेची व्यवस्था या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. रात्रीच्या स्लॅबला मी नेहमी गेले, आणि मुलींनी जावे असेच मी म्हणेन, पण परतीच्या गाडीचा नंबर हातात आल्यावरच.

नववी पायरी: लग्न, बाळंतपण आणि परत येणे

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते. गरोदरपणाची बातमी वरिष्ठांना लवकर सांगा आणि कोणत्या महिन्यापासून परांची व शिडी बंद, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने लेखी ठरवून घ्या. तो काळ बिलिंग आणि प्लॅनिंग शिकण्यासाठी उत्तम आहे. परत आल्यावर मात्र ‘आता ऑफिसच बरे’ हे वाक्य घरून आणि कंपनीतून एकाच वेळी ऐकू येते. मूल लहान असताना सहा महिने ऑफिसात काढणे वेगळे आणि कायमचे बसणे वेगळे. मी सासूबाईंसमोर बसून आठवड्याचे वेळापत्रक आखले होते, स्लॅबचे दिवस त्यावर लाल शाईने लिहिले होते, आणि त्या दिवसांची जबाबदारी माझ्या नवऱ्याने घेतली होती. घरातही काम तारखेनिशी वाटून घेतले, तरच ते होते.

दहावी पायरी: साइट हातात आल्यावर

चार-पाच वर्षांत साइट इन्चार्जची जबाबदारी येऊ शकते, आणि ती स्वतःहून मागावी लागते. वर्षाच्या आढाव्यात ‘मी तयार आहे’ असे सांगा आणि सोबत किती स्लॅब, किती घनमीटर काँक्रीट, किती रकमेची बिले तुमच्या सहीने गेली, त्याची एक पानी यादी द्या. यासाठीच ती वही होती. रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो दुरुस्त करण्याची जबाबदारी विकसकावर असते, म्हणून मोजून आणि लिहून काम करणारा इन्चार्ज आज कंपन्यांना खरोखर हवा असतो.

इन्चार्ज झाल्यावर पहिल्या आठवड्यात सगळेच तुमच्याकडे कामाची वेळापत्रके आणि थकलेली बिले घेऊन येतील. त्याआधी लेबर कॅम्पमध्ये जा. खोदकामाच्या कडेला मातीचे ढीग टाकलेले आहेत का, पावसाळ्यात उघड्या वायरी पाण्यात पडल्या आहेत का, जिन्यात रात्रीचा दिवा लागतो का, ते पाहा. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासहून अधिक स्त्री कामगार असलेल्या साइटवर पाळणाघर बंधनकारक केले होते. पुण्या-मुंबईत मोबाइल क्रेशसारख्या संस्था साइटवर ही पाळणाघरे चालवतात, त्यांच्याशी बोलून घ्या, आणि बायका वीसच असल्या तरी एक सावलीची, कुंपण घातलेली खोली द्या, कारण रांगते मूल सळयांच्या ढिगाजवळ असेल तर त्याच्या आईचे लक्ष घमेल्यात नसते. मग घमेले वाहणाऱ्या बायकांच्या स्वच्छतागृहाकडे वळा. नळाला पाणी येते का, दिवा लागतो का, हे पाहा, आणि कडी आतून नीट बसते की नाही ते आत जाऊन, दार लावून, स्वतः तपासा.